एचआयव्हीचा रिपोर्ट आला, आता पुढं काय? एआरटी नोंदणीची पात्रता, कागदपत्रं आणि सिस्टर काय शिकवतात

बऱ्याच जणांची सुरुवात अशी होते: मोतीबिंदूच्या नाहीतर हर्नियाच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं आणि एचआयव्ही ‘रिअ‍ॅक्टिव्ह’, म्हणजे लागण असल्याचा संशय दाखवणारं आलं. माणूस ठणठणीत असतो आणि हातात खासगी लॅबचा कागद असतो. या कागदावर सरकारी औषध सुरू होत नाही. आधी सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात जावं लागतं. तपासणी मोफत असते. लक्षणं नसलेल्या माणसाचं रक्त तीन वेगवेगळ्या किटवर तपासतात आणि तिन्ही रिअ‍ॅक्टिव्ह आले तरच निदान पक्कं धरतात. तपासणीआधी तुमची संमती घेतात. रिपोर्ट समुपदेशन करून तुमच्याच हातात मिळतो. तो फोनवर सांगत नाहीत आणि ‘मी त्याचा मेव्हणा’ म्हणून आलेल्यालाही देत नाहीत.

तिथून पुढं एआरटी केंद्र, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधं जिथं देतात ते केंद्र. कोल्हापुरात ते सीपीआर या सरकारी रुग्णालयात, जुन्या लोकांच्या भाषेत थोरल्या दवाखान्यात आहे. सीपीआरच्या आवारात ‘एआरटी कुठं?’ असं चारचौघांत विचारायला जीव धजत नाही, हे आम्हा केंद्रात काम करणाऱ्यांना कळतं. म्हणून आयसीटीसीतून निघतानाच कुठल्या इमारतीत, कुठल्या खोलीत जायचं ते चिठ्ठीवर लिहून मागा.

पात्रता एका ओळीची आहे: एचआयव्हीचं निदान पक्कं झालेलं असावं. रेशनकार्ड पिवळं की केशरी, उत्पन्न किती, हे कुणी विचारत नाही. पूर्वी सीडी-४ पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ठरावीक आकड्याच्या खाली उतरेपर्यंत थांबावं लागायचं. २०१७ पासून ती अट गेली. तरीही ‘मला तर काहीच त्रास नाही, बघू दिवाळीनंतर’ म्हणणारे अजून भेटतात. त्रास व्हायच्या आधीच गोळी सुरू करायची असते.

येताना आयसीटीसीचा रिपोर्ट आणि रेफरल चिठ्ठी, फोटो असलेलं ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि दोन पासपोर्ट फोटो आणा. मधुमेह, रक्तदाब, टीबी यांची औषधं चालू असतील तर त्यांच्या पट्ट्याही पिशवीत टाका, कारण काही गोळ्यांचा एकमेकींशी संबंध येतो. भाड्यानं राहणाऱ्यांनी किंवा ऊसतोडीला आलेल्यांनी कागद आणायला गावी जाऊन महिना घालवू नये. आहे तेवढं घेऊन यावं आणि अडचण समुपदेशकाला सांगावी. एक मात्र करा: पत्ता आणि मोबाईल नंबर खरा द्या. भीतीपोटी काही जण खोटा पत्ता लिहितात आणि पुढं तपासणीत काही गडबड निघाली की आम्हाला त्यांच्यापर्यंत पोचताच येत नाही.

नोंदणीच्या दिवशी वजन करतात आणि सीडी-४, हिमोग्लोबिन, लिव्हर, किडनी, साखर, कावीळ बी आणि सी यांच्यासाठी रक्त घेतात. सिस्टर चार प्रश्न हमखास विचारतात: खोकला आहे का, ताप येतो का, वजन घटलंय का, रात्री घाम येतो का. हे टीबीसाठी असतं. चारपैकी एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर लपवू नका. आधी टीबीची तपासणी होते आणि मग एआरटी कधी सुरू करायची ते डॉक्टर ठरवतात. तसं काही नसेल तर गोळी आठवड्याच्या आत, जमलं तर त्याच दिवशी सुरू होते.

पण पहिल्या दिवशी सांगितलेलं कुणाच्याही डोक्यात शिरत नाही. पेशंट मान हलवतो, डोळे मात्र भिंतीवर असतात. म्हणून सिस्टर पुढच्या प्रत्येक भेटीत तेच तेच विचारतात. त्याचा राग मानू नका.

गोळी बहुतेकांना एकच असते. तिच्यात टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर अशी तीन औषधं असतात. ती रोज एकाच वेळी घ्यायची. शिरोलीच्या फाउंड्रीत पाळी बदलणाऱ्या माणसाला ‘रात्री नऊला घ्या’ सांगून उपयोग नाही. पाळी कुठलीही असो, जी वेळ पाळता येईल ती त्यानं स्वतः ठरवावी. चुकली तर आठवेल तेव्हा घ्यावी, पण दुसऱ्या दिवशी दोन एकदम नाहीत. कॅल्शियम, लोह किंवा ॲसिडिटीचं औषध घेत असाल तर आधी सांगा. त्यांच्यामुळं डोल्युटेग्राव्हिर अंगाला कमी लागतं, म्हणून दोन्हींत अंतर ठेवावं लागतं. सुरुवातीला डोकं दुखणं, मळमळ, झोप बिघडणं होऊ शकतं. ते सहसा काही दिवसांत निवळतं. मनानं गोळी बंद करायची नाही.

पथ्याचा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. तांबडा-पांढरा रस्सा चालतो. ‘मुळापासून बरं करतो’ म्हणणाऱ्याचं चूर्ण चालत नाही.

सहा महिन्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे याची तपासणी करतात. विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शारीरिक संबंधातून तो जोडीदाराला जात नाही. नवरा-बायकोला समोर बसवून हे सांगताना पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर जरा रंग येतो. तोवर कंडोम वापरा, आणि जोडीदाराची, लहान मुलांची तपासणी करून घ्या. घरात कुणाला सांगायचं हे तुम्ही ठरवा. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं तुमची माहिती गुप्त ठेवणं दवाखान्यावर बंधनकारक आहे, आणि एचआयव्ही आहे म्हणून कामावरून काढणं बेकायदा आहे.

गोळी सुरू झाल्यावर योजनांच्या कागदांकडं बघा, आधी नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत एचआयव्हीबाधितांना दरमहा १५०० रुपये मिळतात. त्यासाठी वय ६५ च्या आत, महाराष्ट्रात १५ वर्षं वास्तव्य आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांपर्यंत असावं लागतं. म्हणजे महिन्याला पावणेदोन हजार! इतक्यात घर कसं चालतं हे अट घालणाऱ्यालाच ठाऊक. अर्जाला सरकारी रुग्णालयाचा वैद्यकीय दाखला, उत्पन्नाचा आणि रहिवासाचा दाखला, वयाचा पुरावा, आधार जोडलेलं बँक पासबुक लागतं. अर्ज तहसील कार्यालयात नाहीतर सेतू केंद्रात होतो. गावातल्या ओळखीच्या माणसाकडं वैद्यकीय दाखला देण्यापेक्षा तहसीलच्या संजय गांधी शाखेत बंद पाकिटात स्वतः नेऊन द्या.

चंदगड-आजऱ्यासारख्या लांबच्या गावांहून येणाऱ्यांसाठी एसटीच्या साध्या बसमध्ये प्रवास सवलत आहे. एआरटी केंद्राचं पत्र घेऊन आगारात चौकशी करा. हंगाम संपवून गावी परतणाऱ्यांनी निघायच्या आधी केंद्रात येऊन ट्रान्सफरचं पत्र आणि वाटेत पुरतील एवढ्या गोळ्या घ्याव्यात. न सांगता गेलात तर नव्या ठिकाणी सगळं पहिल्यापासून विचारतील आणि त्यात गोळ्यांचा खंड पडेल. रात्री-अपरात्री काही विचारायचं असेल तर १०९७ हा नंबर मोफत आहे, नाव सांगावं लागत नाही.