१६० अंशांवर टिकणारा पडदा

हायड्रोजनच्या इंधन घटात सगळी मदार असते ती एका पातळ पॉलिमरच्या पडद्यावर. त्याच्या एका बाजूला हायड्रोजनमधून प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन सुटे होतात. पडदा प्रोटॉनला वाट देतो, इलेक्ट्रॉनला देत नाही. अडलेले इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून वळसा घेतात, तीच आपली वीज. पलीकडे ऑक्सिजन भेटला की पाणी तयार होतं.

गाड्यांमधला नेहमीचा पडदा नॅफिऑन नावाच्या पॉलिमरच्या जातीचा, १९६० च्या दशकात ड्यूपाँटच्या वॉल्थर ग्रोट यांनी शोधलेला. गुणी आहे, पण तो ओला असेल तरच प्रोटॉन वाहतो. म्हणून घट ८० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावा लागतो. त्याहून फार तापला की पडदा सुकतो आणि वीज मंदावते.

मग घट त्याहून जास्त तापवायचा कशाला? मुख्य कारण कार्बन मोनॉक्साइड. मिथेनॉल किंवा नैसर्गिक वायूपासून काढलेल्या हायड्रोजनमध्ये तो थोडाफार राहतोच आणि हायड्रोजन फोडणाऱ्या प्लॅटिनम या उत्प्रेरकाला चिकटून बसतो. ८० अंशांना दहा लाखांत दहा-वीस भागसुद्धा घट लुळा पाडतात. १६० अंशांना ही चिकटण्याची खोड इतकी कमी होते की एक-दोन टक्के कार्बन मोनॉक्साइडही चालून जातो. म्हणजे अतिशुद्ध हायड्रोजनच्या टाक्यांऐवजी कॅनमधलं मिथेनॉल वापरता येतं. मला या संशोधनातलं खरं आकर्षण हेच वाटतं.

पाणी टिकणार नसेल तर प्रोटॉन वाहायचे कशावरून? १९९५ मध्ये अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातल्या संशोधकांनी पॉलिबेन्झिमिडाझोल हा पॉलिमर फॉस्फोरिक आम्लात भिजवून दाखवला. हा पॉलिमर तसा जुनाच. न जळणारा म्हणून अग्निशामक जवानांच्या कपड्यांत वापरला जाणारा. स्लॅब टाकताना माणसं जागची हलत नाहीत, घमेली हातोहात पुढे जातात. तसे आम्लाचे रेणू प्रोटॉन एकमेकांकडे सरकवतात. पाण्याची गरज जवळपास उरत नाही.

मेख आहे ती आम्लातच. पॉलिमरमधले नायट्रोजन अणू थोडंच आम्ल धरून ठेवतात, बाकीचं मोकळं असतं. थंड घटात द्रवरूप पाणी साचलं की ते या आम्लाला धुऊन नेतं. त्यामुळे घट आधी शंभराच्या वर तापवायचा आणि मगच वीज घ्यायची. दर सिग्नलला थांबणाऱ्या गाडीपेक्षा सतत चालणाऱ्या यंत्राला हे जास्त मानवतं. शिवाय आम्लातलं फॉस्फेट प्लॅटिनमवर बसून ऑक्सिजनची अभिक्रिया मंद करतं, ते वेगळंच.

२०१९ मध्ये सीएसआयआरच्या, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या वर्धापनदिनी सादर झालेला ५ किलोवॉटचा घट याच जातीचा. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि तिच्या दोन भगिनी संस्थांनी तो पुण्याच्याच थरमॅक्स कंपनीबरोबर घडवला. त्याचा रोखही गाड्यांकडे नव्हता. लहान कार्यालयं, डेटा सेंटर अशा एका जागी वीज लागणाऱ्या ठिकाणांकडे होता.

आम्लाला जखडून ठेवण्याची एक चांगली युक्ती २०१६ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेतून आली. पॉलिमरच्या साखळीलाच धन प्रभाराचे अमोनियम गट जोडायचे. ऋण प्रभाराचं फॉस्फेट त्यांना घट्ट धरून राहतं. असा घट ८० पासून २०० अंशांपर्यंत चालला, हवेत ओलावा असतानाही. प्लॅटिनमवर बसणाऱ्या फॉस्फेटचा प्रश्न मात्र पडदा बदलून पुरता सुटत नाही. त्यासाठी आता इलेक्ट्रोडमध्ये, म्हणजे पडद्याच्या दोन्ही बाजूंच्या प्लॅटिनम असलेल्या थरांमध्ये मिसळायच्या पॉलिमरवर काम चाललं आहे.