जोखीम गुणोत्तर व ऑड्स गुणोत्तर

जोखीम गुणोत्तर व ऑड्स गुणोत्तर : एखादा घटक आणि रोग यांचा संबंध किती दाट आहे हे मोजणारी साथरोगशास्त्रातील दोन परिमाणे. गटातील एकूण व्यक्तींपैकी आजारी पडलेल्यांचे प्रमाण म्हणजे जोखीम. आजारी व निरोगी यांचे परस्परांशी प्रमाण म्हणजे ऑड्स. दोन गटांतील मूल्यांच्या भागाकाराने त्या त्या नावाचे गुणोत्तर मिळते.

बडोद्याच्या दांडिया बाजारातील मुंजीच्या जेवणातून विषबाधा झाली, असे कल्पित उदाहरण घेऊ. बासुंदी घेतलेल्या १०० जणांपैकी ६०, तर न घेतलेल्या १०० जणांपैकी २० आजारी पडले. जोखीम ०.६ व ०.२, म्हणून जोखीम गुणोत्तर ३. ऑड्स मात्र १.५ व ०.२५, म्हणजे ऑड्स गुणोत्तर ६. येथे ‘जोखीम सहापट’ असे लिहिणे चूक ठरेल. दोन गटांत आजारी अनुक्रमे ३ व १ एवढेच असते, तर ऑड्स गुणोत्तर सुमारे ३.०६ आले असते. रोग विरळ असला की दोन्ही आकडे जवळ येतात.

ऑड्स गुणोत्तराचा उगम नेमका कोठे मानावा, हे त्याच्याकडे कसे पाहावे यावर अवलंबून आहे. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ यूल यांनी १९०० मध्ये मांडलेला साहचर्य गुणांक (दोन गोष्टींचा संबंध मोजणारा आकडा) चार घरांच्या कोष्टकाच्या तिरप्या गुणाकारांवरच (ऑड्स गुणोत्तर म्हणजे त्यांचाच भागाकार) उभा आहे; गणिती घडण त्याआधीचीही असू शकेल. वैद्यकीय वापराचा आरंभ मात्र अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ कॉर्नफील्ड यांच्या १९५१ च्या लेखापासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. रुग्ण-नियंत्रण अभ्यासात (आजारी व निरोगी निवडून त्यांचा घटकाशी पूर्वी आलेला संपर्क तपासणाऱ्या अभ्यासात) रुग्ण आणि निरोगी यांची संख्या संशोधकच ठरवतो, त्यामुळे जोखीम थेट काढता येत नाही. वरील उदाहरणात सर्व ८० आजारी व निरोग्यांपैकी निम्मेच घेतले, तर ‘जोखीम गुणोत्तर’ २.२५ वर घसरते. ऑड्स गुणोत्तर ६ च राहते. रोग विरळ असल्यास हेच मूल्य जोखीम गुणोत्तराचा अंदाज म्हणून चालते, हे कॉर्नफील्ड यांनी दाखवले. पुढे मिएटिनेन यांनी (१९७६) नियंत्रण गट (तुलनेसाठी घेतलेला गट) विशिष्ट रीतीने निवडल्यास विरळपणाची अटही लागत नाही, असे प्रतिपादन केले. तेव्हा अंदाज मिळतो तो रोगदरांच्या (नवे रुग्ण होण्याच्या वेगांच्या) गुणोत्तराचा.

घटना विरळ नसताना होणाऱ्या घोटाळ्याचे प्रसिद्ध उदाहरण १९९९ चे आहे. हृदयतपासणीची शिफारस श्वेतवर्णीय रुग्णांबाबत ९०.६ टक्के व कृष्णवर्णीयांबाबत ८४.७ टक्के वेळा झाल्याचे एका अमेरिकी अभ्यासात आढळले. ऑड्स गुणोत्तर ०.६ आल्याने शिफारस ‘४० टक्क्यांनी कमी’ अशा बातम्या झळकल्या. जोखीम गुणोत्तर प्रत्यक्षात ०.९३ होते.

ऑड्स गुणोत्तराला मूळ जोखमीच्या (घटकाचा संपर्क नसलेल्या गटातील जोखमीच्या) साहाय्याने जोखीम गुणोत्तरात बदलण्याचे झांग व यू यांचे सूत्र (१९९८) लोकप्रिय आहे. मूळ जोखीम ०.२ धरल्यास ६ ला (१ − ०.२ + ०.२ × ६) म्हणजे २ ने भागून ३ मिळतात. इतर घटकांसाठी समायोजित केलेल्या (म्हणजे त्यांचा प्रभाव वगळून काढलेल्या) गुणोत्तराला हे सूत्र लावल्यास मात्र उत्तर एका बाजूला झुकते, असा आक्षेप आहे व तो ग्राह्य दिसतो. त्यापेक्षा थेट जोखीम गुणोत्तर देणारी लॉग-द्विपद किंवा झोऊ यांची (२००४) सुधारित प्वासाँ पद्धत बरी.

संगणक-प्रणालीतील लॉजिस्टिक समाश्रयण (होय-नाही स्वरूपाच्या परिणामासाठीची सांख्यिकी पद्धत) ऑड्स गुणोत्तरच देते, म्हणून एकवेळच्या पाहणीवर आधारलेल्या प्रबंधांतही ते सर्रास आढळते. एक सोय मात्र त्यात आहे : ‘आजारी’ऐवजी ‘निरोगी’ मोजले, तर ६ चे नेमके १/६ होते, जोखीम गुणोत्तर ३ चे १/३ न होता १/२ होते.