खुलासा : स्केटच्या दाबाने बर्फ वितळतो म्हणून खेळाडू घसरतो?

आइस हॉकीच्या व्हिडिओखाली हमखास फिरणारं एक वाक्य : 'पात्यावर सगळं वजन येतं, त्या दाबाने बर्फ वितळतो आणि खेळाडू पाण्यावरून सरकतो.' जुन्या पाठ्यपुस्तकांतही हेच असायचं, त्यामुळे पटतं. अर्धं खरंही आहे. दाबाने बर्फाचा वितळणबिंदू खाली येतो, पण किती?

गणित करून बघा. अंदाजे 135 वातावरणांइतका, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या 135 पट दाब दिला तर वितळणबिंदू फक्त 1 अंशाने उतरतो. 80 किलोचा खेळाडू एका पायावर, पात्याचा टेकलेला भाग 3 मिलिमीटर रुंद आणि 5 सेंटिमीटर लांब धरू. म्हणजे दीड चौरस सेंटिमीटरवर 80 किलो, सुमारे 52 वातावरणं. वितळणबिंदू जेमतेम 0.4 अंश खाली! कडेवर झुकल्यावर दाब कितीतरी वाढतो हे कबूल, पण कॅनडात घरामागच्या अंगणात पाणी गोठवून केलेल्या मैदानांवर मुलं उणे 20 मध्येही मजेत खेळतात. तिथे हे गणित पार कोलमडतं.

आणि पक? आइस हॉकीत चेंडूऐवजी असते ती रबराची चकती जेमतेम 170 ग्रॅमची, वर सामन्याआधी मुद्दाम गोठवलेली. तिचा दाब तो काय! तरी ती सुसाट जाते.

मग घसरतं कशामुळे? बर्फाच्या अगदी वरच्या थरातल्या रेणूंना वरून धरणारं कोणी नसतं. ते सैल असतात, त्यामुळे शून्याखालीही पृष्ठभागावर पाण्यासारखा अतिशय पातळ थर राहतो. पातं सरकताना घर्षणाची उष्णता त्यात भर घालते.