पॅपीच्या बाटलीला एवढा ऑन का पडतो

पॅपी व्हॅन विंकल ही बर्बन, म्हणजे मुख्यतः मक्याची अमेरिकन व्हिस्की. तिच्या २३ वर्षं जुन्या बाटलीची कंपनीने सुचवलेली किंमत २०२१ मध्ये होती ३०० डॉलर, आणि १५ वर्षंवालीची १२०. आता या भावात ती कोणाला मिळते विचारा, कोणालाच नाही. फेरविक्रीत २३ वाली दोन-तीन हजार डॉलरच्या खाली हलत नाही. अमेरिकेत छापील एमआरपी नावाचा प्रकारच नाही, त्यामुळे दुकानदारसुद्धा उघड उघड ऑन, म्हणजे सुचवलेल्या भावावर जादा पैसे, लावतो आणि कोणी त्याला काही बोलू शकत नाही.

मला १५ वर्षंवाली एकदाच चाखायला मिळाली, शिकागोला मेव्हण्याच्या मित्राकडे, त्याने अक्षरशः औषधासारखी मोजून ओतली. ५३.५ टक्के अल्कोहोल आहे पण घशाला ओरखडत नाही, आधी काकवी, मग खारीक, आणि शेवटी जुनं सागवानी कपाट उघडल्यावर येतो तसा वास, तो तोंडात बराच वेळ राहतो. मस्तच आहे, वाद नाही. पण ग्लास खाली ठेवल्यावर डोक्यात पहिला विचार आला तो हिशोबाचा, की ही एवढी महाग झालीच कशी? नंतर वाचत गेलो तर कळलं की ही दारू एवढी जुनी झाली कारण एकेकाळी ती कोणाला नकोच होती.

सुरुवात बरीच मागे आहे. ज्युलियन व्हॅन विंकल, म्हणजेच बाटलीवर सिगार पेटवताना दिसणारे ते पॅपी आजोबा, १८९३ साली डब्ल्यू. एल. वेलर या दारूच्या घाऊक पेढीत सेल्समन म्हणून चिकटले, आणि पुढे एका सहकाऱ्याबरोबर ती पेढीच विकत घेतली. १९२० ते १९३३ दारूबंदी. त्या काळात डॉक्टरच्या चिठ्ठीवर 'औषधी' व्हिस्की मिळायची, स्टिट्झेल नावाच्या डिस्टिलरीकडे तो परवाना होता, त्यावर यांनी दिवस काढले. (आपल्याकडे १९४९ च्या कायद्याने प्यायला परमिट लागतं आणि ते किती जण काढतात हे आपल्याला माहितीच आहे, तेव्हा हसायला नको.) बंदी उठल्यावर १९३५ साली केंटकी राज्यात लुईव्हिलजवळ शाइव्हलीला स्टिट्झेल-वेलर डिस्टिलरी सुरू झाली, ती पण केंटकी डर्बी या घोड्यांच्या शर्यतीच्या दिवशी. तिथे पाटी होती, केमिस्टला प्रवेश नाही.

यांची खासियत म्हणजे गहू. बर्बनमध्ये कायद्याने निदान ५१ टक्के मका लागतो आणि पिंप नवंकोरं, आतून जाळलेलं ओकचं लागतं. बाकीच्या धान्यात बहुतेक जण राय (गव्हासारखंच एक धान्य) घालतात, तिने तिखटपणा येतो. यांनी रायऐवजी गहू घातला म्हणून चव मऊ, गोडसर, आणि अशी बर्बन म्हातारपण जास्त चांगलं सोसते असं जाणकार मानतात.

पॅपी १९६५ ला गेले आणि मग सगळं फिरलं. तरुण पोरांना व्हिस्की म्हणजे बापाचं पेय वाटायला लागलं, १९७६ साली अमेरिकेत व्होडकाचा खप व्हिस्कीच्या पुढे गेला. त्याआधीच १९७२ ला घरच्यांना डिस्टिलरी विकावी लागली होती. गोदामात पिंपं पडून, गिऱ्हाईक नाही. पॅपींच्या मुलाने ओल्ड रिप व्हॅन विंकल हा जुना लेबल तेवढा हातात ठेवला (वीस वर्षं झोपलेल्या रिपची ती गोष्ट, नाव किती चपखल बघा) आणि १९८१ ला तो गेल्यावर नातू, तोही ज्युलियनच, धंद्यात आला. त्याने लॉरेन्सबर्गला एक जुनी डिस्टिलरी घेतली, आणि आजोबांच्याच भट्टीची पण आता दुसऱ्याच्या मालकीची झालेली पिंपं विकत घेऊन बाटल्या भरायला लागला. तेव्हा जुन्या बर्बनला थोडीफार मागणी जपानात होती, घरी कोणी विचारत नव्हतं.

नव्वदच्या दशकात २० वर्षंवालीला शिकागोच्या एका टेस्टिंग संस्थेने १०० पैकी ९९ गुण दिले आणि तिथून चक्र उलटं फिरलं. नंतर टीव्हीवरच्या शेफ लोकांनी कौतुक केलं, मग काय, ज्याने आयुष्यात बर्बन प्यायली नाही तोही पॅपी शोधायला लागला.

आता माल वाढवायचा म्हटलं तरी कसा वाढवणार? आज पिंप भरलं तर बाटली निघणार २३ वर्षांनी. आणि केंटकीच्या उन्हाळ्यात दरवर्षी तीन-चार टक्के दारू लाकडातून उडून जाते, त्याला तिकडे देवदूतांचा वाटा म्हणतात. सुमारे २०० लिटरच्या पिंपातलं वीस-बावीस वर्षांनी अर्ध्याहून जास्त गायब असतं. (गोव्यात किंवा बंगळुरात तर हे देवदूत याहून कितीतरी जास्त पितात, म्हणून आपल्याकडची सिंगल माल्ट इतकी वर्षं ठेवणं परवडतच नाही.)

माल एवढा कमी म्हटल्यावर चोऱ्याही आल्याच. २०१३ मध्ये, पॅपी आता जिथे बनते त्या बफेलो ट्रेस डिस्टिलरीतून २० वर्षंवालीच्या तीन-तीन बाटल्यांच्या ६५ पेट्या गायब झाल्या, जवळजवळ २०० बाटल्या, आतल्याच माणसाचं काम निघालं. आणि २०२३ मध्ये ओरेगनला सरकारी दारू खात्याचेच अधिकारी या दुर्मिळ बाटल्या स्वतःसाठी बाजूला काढून ठेवत होते असं उघड झालं, पैसे मोजूनच घेत होते म्हणे, पण रांग कोणी लावली? पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनियासारख्या राज्यांत तर सरकार ठरलेल्या भावात विकायला सोडत काढतं, अगदी म्हाडासारखी.

दारूबंदी उठल्यावर कंपनी, घाऊक वितरक, दुकान अशी तीन पायऱ्यांची व्यवस्था आली, त्यात खाजगी माणसाने बाटली विकणं बहुतेक राज्यांत बेकायदाच. मग धंदा फेसबुकच्या ग्रुपवर गेला, २०१९ ला फेसबुकने ते बंद केले तर दुसरीकडे गेला. केंटकीने मात्र २०१८ पासून जुनी बाटली परवानाधारक दुकानाला विकायची मुभा दिली. रिकाम्या बाटल्यासुद्धा ऑनलाइन विकल्या जातात, कशासाठी ते वेगळं सांगायला नको, म्हणून सील नीट बघितल्याशिवाय कोणाकडूनच घेऊ नका.

आणि एक गोष्ट विकणारे सहसा बोलत नाहीत. स्टिट्झेल-वेलरची भट्टी १९९२ ला थंड झाली. नातवाने २००२ पासून बफेलो ट्रेसबरोबर भागीदारी केली, आता माल तिथेच बनतो. १९९२ मध्ये २३ मिळवा, म्हणजे गेल्या काही वर्षांतल्या बाटलीत आजोबांच्या भट्टीचा थेंबही नाही. वाईट आहे असं नाही, पण लोक पैसे मोजतात ते त्या जुन्या नावाचे. त्याच डिस्टिलरीत गव्हाचीच वेलरही बनते, ती गरिबाची पॅपी म्हणून इतकी गाजली की आता तिच्यावरही ऑन आहे. २३ वालीबद्दल बऱ्याच जुन्या पिणाऱ्यांचं मत असं की लाकूड जास्त होतं, १५ चीच मजा, आणि मला ते पटतं, अर्थात २३ मला कोणी पाजलेली नाही.

भारताने फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्बनवरची कस्टम ड्युटी १५० वरून १०० टक्क्यांवर आणली तेव्हा आमच्या ग्रुपवर एकाने लगेच विचारलं, मग पॅपी स्वस्त होणार का. अरे बाबा, आधी येऊ तर दे.