हिवाळी टायर: खिळ्यांकडून मऊ रबराकडे

कॅनडात नव्याने आलेल्या मराठी घरात पहिल्याच ऑक्टोबरमध्ये हा प्रश्न निघतो. गाडी बऱ्यापैकी नवी सेदान, टायरची नक्षी खोल, वर 'ऑल-सीझन' असे छापलेलेही आहे. मग पुन्हा चार टायरांचा खर्च कशाला? प्रश्न रास्त आहे. पण 'ऑल-सीझन' या शब्दावर विसंबून जानेवारीत कामावर जाऊ नये, असे मला मनापासून वाटते. असे का, हे कळायला हिवाळी टायर कसा घडत गेला ते पाहावे लागेल.

सुरुवातीला थंडीसाठी वेगळा टायर नव्हताच. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातील हॅरी वीड यांनी 1904 मध्ये चाकावर चढवायच्या साखळ्यांचे पेटंट घेतले. साखळी बर्फात घट्ट पकडते, पण मोकळा रस्ता लागला की उतरून ती काढावी लागते. रोज कामावर जाणाऱ्याला हे जमण्यासारखे नाही. वेगळ्या टायरची वाट काढली फिनलंडने. नोकिया गावात कारखाना असलेल्या रबर कंपनीने 1934 मध्ये मालमोटारींसाठी 'केलिरेंगास' नावाचा टायर आणला आणि 1936 मध्ये मोटारींसाठी 'हक्कापेलिट्टा'. युरोपातल्या तीस वर्षांच्या युद्धात लढलेल्या फिनिश घोडेस्वारांचे हे नाव. पुढे फोनमुळे जगभर प्रसिद्ध झालेले 'नोकिया' हे नावही याच गावाचे.

या टायरांची सगळी भिस्त नक्षीवर होती. खोल, आडवे खाचे भुसभुशीत हिमात रुततात, त्यांत हिम दाबून बसते आणि हिमाला हिम धरते. गोठून काचेसारख्या झालेल्या रस्त्यावर मात्र खाचे रुतायला जागाच उरत नाही.

त्यावर 1960च्या दशकात उत्तर निघाले ते खिळ्यांचे. टंगस्टन कार्बाइडचे टोक असलेले बारीक खिळे टायरमध्ये ठोकले की ते बर्फात घुसतात. उत्तर अमेरिका, युरोप, जपान, सगळीकडे ते झपाट्याने पसरले. पण खिळा बर्फ आणि डांबर यांत भेद करत नाही. रस्त्यांवर चाकोऱ्या पडल्या. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याने आणि कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांताने 1970च्या दशकाच्या सुरुवातीलाच बंदी घातली, पश्चिम जर्मनीने 1975 मध्ये.

जपानची गोष्ट रस्ते झिजण्यापाशी थांबत नाही. सेंदाई शहरात हिम तुलनेने कमी पडते, त्यामुळे खिळ्यांचे टायर हिवाळाभर कोरड्या डांबरावर घासत राहत. खरवडलेल्या रस्त्याची पूड हवेत तरंगे. वाळत घातलेले कपडे मळत, लोक तोंडावर मास्क बांधून फिरत, आणि ही पूड फुप्फुसांत जाते म्हणून नागरिकांनी आवाज उठवला. 1985 मध्ये सेंदाई ज्यात आहे त्या मियागी प्रांताने याविरुद्ध नियम केला आणि 1990 मध्ये देशाचा कायदा आला. आज तुम्ही-आम्ही विकत घेतो तो बिनखिळ्यांचा टायर घडवण्यात या नागरिकांचा वाटा मोठा आहे, असे मी मानतो. खिळे जाणार हे दिसताच कंपन्यांना दुसरी वाट शोधणे भाग पडले.

ती वाट रबरातूनच निघाली. बर्फावर चाक घसरते ते मुख्यतः बर्फाच्या पृष्ठभागावरच्या पाण्याच्या पातळ थरामुळे. ब्रिजस्टोनने 1988 मध्ये जपानमध्ये 'ब्लिझॅक' आणला. त्याच्या रबरात अतिसूक्ष्म छिद्रे होती, हे पाणी टिपून घेणारी. जोडीला नक्षीच्या ठोकळ्यांवर शेकडो बारीक चिरा, ज्यांच्या कडा बर्फ धरतात. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे थंडीत मऊ राहणारे मिश्रण. उन्हाळी टायरचे रबर साधारण 7 अंश सेल्सियसच्या खाली ताठर होऊ लागते. उणे 15 अंशांत ऑल-सीझनचे रबरही ताठरते, आणि ताठरलेले रबर रस्त्याच्या बारीक खडबडीतपणात शिरत नाही, मग नक्षी कितीही खोल असो.

खुणांचा गोंधळही इथेच समजतो. 'एम+एस', म्हणजे चिखल आणि हिम, ही जुनी खूण नक्षीच्या रचनेवरून दिली जाते. तिच्यासाठी हिमावर चाचणी लागत नाही आणि बहुतेक ऑल-सीझन टायरांवर ती असते. 1999 मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या रबर उत्पादकांनी तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण अशी नवी खूण आणली. ती मिळवायला दाबलेल्या हिमावर प्रमाण टायरपेक्षा किमान 10 टक्के जास्त पकड दाखवावी लागते. उत्तर अमेरिकेतली ही चाचणी गाडी पुढे खेचण्याची आहे, काचेसारख्या बर्फावर ब्रेक मारण्याची नाही. म्हणून खूण हवीच, पण तेवढीच पाहून टायर निवडू नये.

कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने 2008 पासून हिवाळी टायर सक्तीचे केले. तिथे आता मुदत 1 डिसेंबर ते 15 मार्च आहे. जर्मनीत हिमाच्या रस्त्यावर ऑक्टोबर 2024 पासून नुसती 'एम+एस' खूण चालत नाही.

आता 'दोनच टायर बदलले तर?' हा सल्ला. ओळखीतला कोणीतरी ज्येष्ठ काका तो हमखास देतो, आणि त्यालाही इतिहास आहे. 1950-60च्या दशकांतल्या अमेरिकी सेदानमध्ये इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाई, म्हणून लोक मागे दोन स्नो टायर चढवत. आजच्या बहुतेक सेदान पुढच्या चाकांनी ओढल्या जातात. पुढे दोनच हिवाळी टायर लावले तर गाडी निघते झोकात, पण वळणावर ब्रेक मारताच मागचा भाग सुटतो आणि गाडी गरकन फिरते. चारही बदला, इथे काटकसर नको.

टोरांटो किंवा मॉन्ट्रियलसारख्या शहरात, जिथे रस्ते साफ करून मीठ टाकतात, तिथल्या रोजच्या जाण्यायेण्याला बिनखिळ्यांचा टायर योग्य. उत्तर ऑन्टारियोत आता खिळ्यांना परवानगी आहे आणि तिथल्या बर्फाळ रस्त्यांवर त्यांचा खरा उपयोग होतो. गाडीला चालत असेल तर एक इंच लहान रिम आणि थोडा अरुंद टायर घ्यावा. तो हिमात नीट रुततो आणि स्वस्तही पडतो. जुने टायर मिळत असतील तर नक्षी मोजून पाहा. ती 4 मिलिमीटरवर आली असेल, तर टायर गोटा झालेला दिसत नसला तरी हिमासाठी तो संपलेला आहे.