छोट्या सभागृहातला लाइव्ह अल्बम आणि ‘अनप्लग्ड’

जुन्याजाणत्या रॉक बँडने मोजक्या श्रोत्यांसमोर वाजवलेला अल्बम म्हटला की तो ‘अनप्लग्ड’च, म्हणजे विजेची वाद्ये बाजूला ठेवून साध्या वाद्यांवर वाजवलेलाच असणार, असे पुष्कळजण गृहीत धरतात. दोन्हींत गर्दी कमी असते आणि दोन्हींत गायकाचा श्वास ऐकू येतो, त्यामुळे ही गल्लत स्वाभाविक आहे. पण छोट्या सभागृहातल्या अल्बममध्ये बदलते ती जागा, तर अनप्लग्डमध्ये बदलते ते वाद्य.

रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडचा १९७७ चा ‘लव्ह यू लाइव्ह’ हा दोन तबकड्यांचा अल्बम हा फरक एकाच वेष्टनात दाखवतो. त्याच्या चार बाजूंपैकी पहिली, दुसरी आणि चौथी मोठ्या कार्यक्रमांतल्या आहेत, तर तिसरी बाजू कॅनडातल्या टोरांटोच्या ‘एल मोकॅम्बो’ या जेमतेम तीनशे माणसांच्या क्लबात त्याच वर्षीच्या मार्चमध्ये मुद्रित झाली. बँडने तिथे ‘द कॉक्रोचेस’ असे खोटे नाव घेतले होते. त्या बाजूवरची चारही गाणी दुसऱ्यांची, म्हणजे मडी वॉटर्स, बो डिडली, चक बेरी अशा अमेरिकन ब्लूज व रॉक-अँड-रोल कलाकारांच्या परंपरेतली आहेत. सुरुवातीच्या दिवसांत छोट्या क्लबांमध्ये हा बँड जे वाजवत असे, तेच पंधरा वर्षांनी त्याने तितक्याच छोट्या जागेत पुन्हा वाजवले. गिटार मात्र विजेचेच होते आणि आवाजही दणदणीत होता. त्या अल्बममधली हीच बाजू मला सर्वांत जिवंत वाटते.

जागेमुळे नेमके काय बदलते? ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे मैदानात शंभर मीटरवर उभ्या असलेल्या श्रोत्याची टाळी मंचापर्यंत पोहोचायला जवळजवळ एक तृतीयांश सेकंद लागतो, आणि हजारो टाळ्या अशा मागेपुढे येऊन त्यांची एक अखंड गाज होते. क्लबात एकेका माणसाची हाक वेगळी कळते. शिवाय मंच अरुंद असल्याने ड्रमचा आवाज गायकाच्या माइकमध्ये शिरतो. चुकलेला गिटारचा तुकडा नंतर पुसून टाकला, तरी त्याची सावली शेजारच्या माइकमध्ये उरतेच. म्हणून अशा मुद्रणात मागाहून डागडुजी करणे अवघड जाते, आणि वादकांची परस्परांवरची पकड जशी असेल तशी ऐकू येते.

अनप्लग्डमध्ये प्रश्न मांडणीचा असतो. एमटीव्ही या अमेरिकन संगीत वाहिनीचा या नावाचा कार्यक्रम १९८९ मध्ये सुरू झाला. विजेच्या गिटारवर एक स्वर हवा तितका लांबवता येतो, तर साध्या गिटारवर तो लवकर विरतो. साहजिकच जुने गाणे जसेच्या तसे वाजवून चालत नाही. गिटारवादक-गायक एरिक क्लॅप्टनने जानेवारी १९९२ मध्ये या कार्यक्रमात आपले ‘लैला’ हे जुने रॉक गाणे संथ, झुलत्या लयीत गायले, ते याच अडचणीतून निघालेले सुंदर उत्तर म्हणता येईल. नावही शब्दशः घ्यायचे नसते. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने १९९१ मध्ये वाद्यांसमोर केवळ माइक ठेवण्याचा नियम पाळला होता, पण नोव्हेंबर १९९३ मध्ये ‘निर्वाणा’ या बँडच्या कर्ट कोबेनने साध्या गिटारचा आवाज ॲम्प्लिफायरमधून काढला.

खरा पेच पडतो तो रोलिंग स्टोन्सच्याच १९९५ च्या ‘स्ट्रिप्ड’मुळे. नाव आणि काळ या दोहोंमुळे त्याला सर्रास अनप्लग्ड समजले जाते. प्रत्यक्षात त्यातली काही गाणी ॲमस्टरडॅमचे ‘पॅराडिसो’, पॅरिसचे ‘ऑलिम्पिया’ आणि लंडनची ‘ब्रिक्स्टन अकॅडमी’ इथल्या कार्यक्रमांतली आहेत, तर बाकीची टोकियो व लिस्बनच्या स्टुडिओंत, श्रोत्यांवाचून, तालमीसारखी एकत्र वाजवून मुद्रित केलेली आहेत. साधे गिटार त्यात भरपूर आहे. तरी बॉब डिलनचे ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ विजेच्या गिटारांसह पूर्ण जोमात येते. हे गाणे ज्या ब्रिक्स्टनमधले, तिथे सुमारे पाच हजार माणसे मावतात, आणि एवढ्या जागेला ‘छोटी’ म्हणता येते ते केवळ त्याच दौऱ्यातल्या मैदानांच्या तुलनेत. एकूण पाहता ‘स्ट्रिप्ड’चा अर्धा भाग मी ‘एल मोकॅम्बो’च्या रांगेत ठेवीन, स्टुडिओतला अर्धा मात्र दोन्ही प्रकारांच्या बाहेरचा आहे, कारण तिथे ना सभागृह आहे, ना वीज सोडण्याचा नेम.