डिस्कच गायब, की नुसता पूल गायब?

“नॅसमधली डिस्क डिटेक्ट होत नाही, फॉरमॅट करून बघू का?” पावसाळा लागला, वीज दिवसातून चारदा जायला-यायला लागली की हा प्रश्न ठरलेलाच. (नॅस म्हणजे घरच्या नेटवर्कवर सगळ्यांच्या फायली ठेवणारं डिस्कचं मशीन.) डिस्क खरोखरच डिटेक्ट झाली नसेल, तर फॉरमॅट करायला समोर काही दिसणारच नाही. आणि फॉरमॅटचं बटण दिसत असेल, तर डिस्क मशीनला सापडलेली आहे. हरवलाय तो तिच्यावरचा पूल किंवा रेड (अनेक डिस्क जोडून केलेला एकत्र साठा), नाहीतर पार्टिशन (डिस्कवर आखलेला भाग). पहिल्यात हात घालायचा तो केबल आणि एसएमपीएसला (मशीनच्या पॉवर सप्लायला). दुसऱ्यात केबल उपसून काही मिळत नाही, आणि घाईत एखादं बटण दाबलं तर डेटा जातो.

कुठलं प्रकरण आहे हे सीरियल नंबरवरून कळतं. लिनक्सवर एलएसबीएलके ही कमांड मॉडेल, सीरियल आणि साइझचे रकाने मागून चालवा; ट्रूनॅस या नॅसच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये डिस्कची यादी आयती मिळते. डिस्कच्या लेबलवरचा नंबर त्या यादीत आहे का, तेवढं बघा. एसडीए, एसडीबी या नावांवर विसंबू नका, ती पुढच्या बूटला बदलू शकतात. मदरबोर्डच्या बायोसवरही निकाल लावू नका: एचबीएवर, म्हणजे जादा डिस्क जोडायच्या कार्डावर, लावलेल्या डिस्क तिथे बहुधा दिसतच नाहीत.

सीरियल यादीत नाही, तर काय करायचं ते बहुतेकांना ठाऊक असतं. केबल बदला, पोर्ट बदला, चालणाऱ्या डिस्कची केबल बंद डिस्कला लावून बघा. मशीन चालू करताना डिस्कवर तळहात ठेवा. थरथर जाणवली तर पॉवर पोचते आहे, संशय डेटा केबल, पोर्ट किंवा कार्डावर. फिरते, टकटक करते आणि थांबते, तर डिस्कच मरायला टेकली आहे. पुन:पुन्हा चालू-बंद करून तिचे उरलेसुरले श्वास संपवू नका. थरथर अजिबातच नसेल आणि डिस्क बाहेरच्या यूएसबी बॉक्समधून काढलेली असेल, तर ती मेली असं समजण्याआधी तिसरी पिन तपासा. साटाच्या (डिस्क जोडायच्या प्रचलित पद्धतीच्या) नव्या नियमात पॉवर कनेक्टरच्या तिसऱ्या पिनेला ‘पॉवर बंद ठेव’ हा अर्थ दिला आहे. जुना एसएमपीएस त्याच पिनेवर ३.३ व्होल्ट देतो, आणि डिस्क आज्ञाधारकपणे झोपून राहते. डिस्कच्या बाजूला, डेटा कनेक्टरच्या लगतची पॉवर पिन पहिली. तिथून तिसरीवर उष्णता सोसणाऱ्या कॅप्टॉन टेपची बारीक पट्टी लावा. साधी सेलोटेप नको, उष्णतेने तिचा गोंद पाझरतो. मोलेक्सवरून (एसएमपीएसच्या जुन्या चार पिनांच्या कनेक्टरवरून) साटा पॉवर घेतली तरी काम होतं, कारण मोलेक्समध्ये ३.३ व्होल्ट नसतातच. मात्र प्लास्टिक ओतून बनवलेला स्वस्त अडॅप्टर घेऊ नका. आतल्या तारा एकमेकींना चिकटून ते जळतात. तारा क्रिंप केलेला (पिनांवर दाबून बसवलेला) घ्या.

आणखी दोन किरकोळ गोष्टी. पुष्कळ मदरबोर्डांवर एम.२ स्लॉट (पट्टीसारख्या एसएसडीची जागा) भरला की एखाद-दोन साटा पोर्ट बंद पडतात. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, कोणी वाचत नाही. आणि एचबीएची एका टोकाची चार टोकं करणारी केबल फॉरवर्ड आणि रिव्हर्स अशा दोन जातींची असते. दिसायला जुळी, पण कार्डाकडून डिस्ककडे जायला फॉरवर्डच लागते. रिव्हर्स लावली तर चारही डिस्क एकदम गप्प.

आता ज्याने खरे बळी जातात ते. सीरियल दिसतो, साइझही बरोबर, पण शेअर (नेटवर्कवर दिसणारा फोल्डर) रिकामा आणि पूल नाही. याचा अर्थ कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) डिस्क मिळाली, पण तिच्यावरच्या लिखाणावरून पूल जुळवायची पायरी चुकली. वीज अचानक गेल्यामुळे, ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकल्यामुळे किंवा डिस्क दुसऱ्या मशीनमध्ये नेल्यामुळे हे होतं. डेटा बहुतेक वेळा जागेवरच असतो. तो उडतो पुढच्या पाच मिनिटांत, मालकाच्याच हातून.

यातलं सगळ्यात वाईट काम म्हणजे डिस्क काढून विंडोजला लावणं. विंडोजला एक्स्ट४ किंवा झेडएफएस या नॅसवरच्या फाइलसिस्टिम (फायली मांडायच्या पद्धती) वाचता येत नाहीत. न वाचता येणारं ते रिकामं समजून तो ‘इनिशियलाइझ’ किंवा ‘फॉरमॅट’ विचारतो, आणि चवथीपासूनचे सगळे फोटो असलेल्या डिस्कला लोक ‘ओके’ म्हणतात. कॅन्सल करा, डिस्क परत जागेवर लावा.

लिनक्सवर हीच चूक ‘क्रिएट’ या शब्दाने होते. एमडीएडीएम या रेड सांभाळणाऱ्या प्रोग्रामचा ‘असेंबल’ डिस्कवरचं जुनं लिखाण वाचून अ‍ॅरे उभा करतो. ‘क्रिएट’ त्याच जागी नवं लिहितो. डिस्कचा क्रम किंवा डेटा सुरू होण्याची जागा पूर्वीपेक्षा वेगळी पडली की वर चढवलेली फाइलसिस्टिम नुसता कचरा दाखवते. झेडएफएसमध्ये ‘झेडपूल इंपोर्ट’ हेच बरोबर. नुसतं चालवलं तर सापडलेले पूल दाखवतं, काही बदलत नाही. पूल दुसऱ्या मशीनवर शेवटचा वापरला होता म्हणून ते अडलं, तर तो दुसरीकडे चालू नाही याची खात्री करूनच लहान लिपीतला एफ (-f) लावा, आणि पहिल्यांदा रीडओन्ली पर्यायाने उघडा. फोटो दिसले की आधी दुसरीकडे उतरवा, दुरुस्ती मग. नवा पूल बनवलात, तर झेडएफएस प्रत्येक डिस्कच्या सुरुवातीला दोन आणि शेवटी दोन अशी चारही लेबलं नव्याने लिहितं. त्यानंतर जुना पूल शोधणं फार अवघड.

दोन्ही प्रकरणं एकात मिसळतात तेव्हा मात्र जाणकारही फसतात. पूल गायब, पण कारण हार्डवेअर. वीज आल्यावर मशीन थंड सुरू झालं तर पूल नाही, लगेच रीबूट केलं तर हजर. असं असेल तर सॉफ्टवेअर खणत बसू नका. साडेतीन इंची डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टवर साधारण दोन अँपिअर ओढते. सहा डिस्क एकदम उठल्या तर बारा. कमकुवत एसएमपीएस किंवा एकाच तारेवर माळेसारख्या ओवलेल्या डिस्कमुळे एखादी मागे राहते आणि पूल अर्धवट सापडतो. रीबूटमध्ये त्या आधीच फिरत असतात, म्हणून काम होतं. अशा वेळी सीरियल एकेक मोजा. ‘यादीत डिस्क दिसतात’ एवढ्यावर समाधान मानू नका. इलाज: पॉवरच्या तारा वाटून द्या, कार्डात सोय असेल तर डिस्क टप्प्याटप्प्याने उठवा.

सीरियल बरोबर पण साइझ विचित्र, हे तिसरंच. ३ टीबीची डिस्क ७४६ जीबी दिसली तर जुना यूएसबी डॉक दोषी. जुन्या स्टोरेज कॅबिनेटमधून आलेली सॅस (सर्व्हरच्या जातीची) डिस्क शून्य दाखवत असेल, तर ती ५२० बाइटच्या सेक्टरने फॉरमॅट झालेली असू शकते. ५१२ ला आणावी लागते, आणि त्यात सगळं पुसलं जातं.

गोव्यातल्या बार्देश-सासष्टीच्या किनारपट्टीवर खारी हवा कनेक्टर खाते, आणि मग डिस्क मधूनच जाते-येते. स्मार्टमधला (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीतला) १९९ क्रमांकाचा सीआरसी आकडा, म्हणजे डेटा ये-जा करतानाच्या चुका, बघा. तो वाढत असेल तर बहुधा केबल किंवा कनेक्टर. खराब सेक्टरांचे ५, १९७, १९८ हे आकडे वाढत असतील तर डिस्क. १९९ कधी शून्यावर येत नाही, म्हणून आजचा आकडा लिहून ठेवा आणि आठवड्याने ताडून बघा. पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. खोडरबराने घासलं तर सोन्याचा पातळ मुलामा जातो. घराचा इन्व्हर्टर यूपीएस मोडवर आहे का तेही पाहा. साध्या मोडवर पंखे चालू राहतात, पण बदलाच्या त्या क्षणात नॅस मात्र रीबूट होतो.